पंचविसावा पुतळा

मुंबईस प्रथमच निघालेल्या आमच्या वर्धेकडच्या माणसाला काय काय पाहून यावे याची यादी शेजारीपाजारी तोंडपाठ सांगतात. गेटवे, राणीची बाग, महालक्ष्मी, चौपाटीवरची भेळ आणि समुद्र. त्या यादीत विद्यापीठ कधी नसते. विद्यापीठ ही काय पाहावयाची वस्तू आहे? विद्यापीठात जायचे ते गुणपत्रिकेवरील नावातली चूक दुरुस्त करून घेण्यासाठी. आणि एकदा खिडकीपुढच्या रांगेत उभे राहिले, की या इमारतीला छप्पर आहे की नाही, हेही कोणी मान वर करून पाहत नाही. तरी यंदाच्या दिवाळीत वाचकांना मी एका विद्यापीठाच्या इमारतीपुढेच नेणार आहे. इमारत आहे मुंबईची. पण तिचा एक धागा आमच्या काळ्या रानापर्यंत येतो. तो धागा तेवढा दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी रानाविषयी दोन शब्द. मी राहते ते पिपरी मेघे म्हणजे वर्धा शहराला चिकटलेले गाव. शहर कोठे संपले आणि गाव कोठे लागले हे नवख्याला कळत नाही. सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे ही त्याची भावंडे. घरांच्या रांगा मागे पडल्या की पऱ्हाटी दिसू लागते. आपण सारे फराळाच्या खटपटीत असतो तेव्हा इकडे बोंडे उमललेली असतात, आणि बाया कमरेला ओटी बांधून वेचणीला लागलेल्या असतात. माझ्या वर्गातली पुष्कळशी मुले या दिवसांत वर्गात नसतात, शेतावर असतात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे फुली पडते. ही फुली वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुढे यायचे आहे.

आता मुंबईला चलू. ओव्हल मैदानावर पश्चिमेच्या अंगाला उभे राहून पूर्वेकडे तोंड केले म्हणजे दगडी इमारतींची एक रांगच्या रांग समोर येते. जुने सचिवालय, विद्यापीठाचे पदवीदान सभागृह, ग्रंथालय, त्यावर आभाळात घुसलेला राजाबाई टॉवर, आणि पलीकडे उच्च न्यायालय. आज मध्ये मैदान, रस्ते आणि मरीन ड्राइव्हपर्यंतची वस्ती आहे. पण या इमारती उठल्या तेव्हा समुद्र पुष्कळ जवळ होता, आणि पश्चिमेचा वारा सरळ त्यांच्या कमानींत शिरत असे.

गंमत अशी की विद्यापीठ या इमारतीहून वयाने बरेच मोठे. मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली १८ जुलै १८५७ रोजी. तेव्हा त्याला स्वतःचे घर नव्हते, आणि त्याची निकडही नव्हती. कारण हे विद्यापीठ शिकवीत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवायचे काम महाविद्यालयांचे. १८६२ साली बी. ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे ते चार पदवीधर. त्या काळी पदवीदान व्हायचे ते टाऊन हॉलमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या घरी. टॉवर नव्हता, रंगीत काचा नव्हत्या, गोल जिने नव्हते. आणि तरीही त्या वर्षी जे पदवीधर निघाले त्यांच्या तोडीचे पुढे किती निघाले, ते ज्याचे त्याने मोजावे.

पण घर हवेच होते. योगही जुळून आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत जुन्या किल्ल्याचे तट पाडण्यात आले आणि मोकळी झालेली जागा नव्या सरकारी इमारतींना मिळाली. विद्यापीठाचा आराखडा काढण्याचे काम आले लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्याकडे. हा त्या काळचा इंग्लंडातला अतिशय नाणावलेला वास्तुशिल्पी. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकावरील भव्य हॉटेल त्याचेच, आणि ग्लासगो विद्यापीठाची इमारतही त्याचीच. मुंबईचे आराखडे त्याने लंडनमध्ये बसून काढले. तो येथे कधीही आला नाही. मार्च १८७८ मध्ये तो वारला आणि टॉवर पुरा झाला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. जी इमारत उभी करायची ती जागाही त्याने पाहिली नाही, आणि उभी राहिलेली इमारतही पाहिली नाही.

न पाहिलेल्या गावासाठी घर बांधायचे म्हणजे कठीणच. पण स्कॉटने एक गोष्ट नेमकी ओळखली होती. हे घर उन्हापावसाच्या मुलखात उभे राहायचे आहे. त्याने शैली घेतली युरोपातल्या मध्ययुगीन देवळांची, जिला गॉथिक म्हणतात. टोकदार कमानी, निमुळते कळस, दगडात कोरलेली पाने आणि प्राण्यांची तोंडे हे तिचे विशेष. पण तिला त्याने कमानींचे व्हरांडे जोडले आणि दोन्ही अंगांना गोल वळत जाणारे उघडे जिने दिले. ऊन त्या जिन्यांत आडवे येते, वारा खेळतो. देऊळ युरोपचे, पण ओसरी आपली, असे म्हणावयास हरकत नाही.

पदवीदान सभागृह १८६९ ते १८७४ या काळात बांधून झाले. ते १०४ फूट लांब, ४४ फूट रुंद, आणि छताच्या टोकापर्यंत ६३ फूट उंच आहे. त्यात रंगीत काचांची एक वर्तुळाकार खिडकी आहे; तिचा व्यास २० फूट, आणि तिच्या कडेने बारा राशी बसविलेल्या आहेत. मेष, वृषभ, मिथुन या क्रमाने बारा राशी डोक्यावर घेऊन पदवी स्वीकारण्याची सोय दुसरीकडे कोठे असेल असे मला वाटत नाही. शेजारच्या ग्रंथालयाची व टॉवरची पायाभरणी १ मार्च १८६९ ची. भिंतींना कुर्ल्याच्या खाणीतला पिवळसर दगड वापरला, आणि कोरीव कामासाठी छिन्नीला सहज वळणारा पोरबंदरचा दगड. टॉवर खाली चौकोनी आहे. वर जाताना तो अष्टकोनी होतो, आणि २८० फुटांवर संपतो. मुंबईत त्या काळी याहून उंच काही नव्हते. त्यातील घंटांवर एके काळी सोळा प्रकारच्या धुना वाजत. त्यांत इंग्लंडचे राष्ट्रगीतही होते.

हा सगळा थाट कोणाच्या पैशाने झाला? सभागृहासाठी एक लाख रुपये दिले सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी. ग्रंथालयासाठी दोन लाख आणि टॉवरसाठी आणखी दोन लाख दिले प्रेमचंद रायचंद यांनी. हे सुरतेचे जैन व्यापारी. वर्ष १८६४, आणि वय अवघे तेहतिशीचे. टॉवरला नाव द्यायचे ते आपल्या आईचे, राजाबाईचे, एवढी त्यांची अट. आख्यायिका अशी की राजाबाई अंध होत्या. जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचे तर सांज झाली हे त्यांना कळावे कसे? म्हणून मुलाने गावभर ऐकू जाईल असे घड्याळ उभे केले. आख्यायिकेला पुरावा मागू नये. आईच्या नावाने उभी राहिलेली एवढी मोठी इमारत आपल्याकडे विरळाच. तेवढ्यावर समाधान मानावे.

पण एका तेहतीस वर्षांच्या माणसापाशी विद्यापीठाला एका वेळी चार लाख देण्याइतका पैसा आला कोठून? येथे आमचे रान लागते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना जो कापूस अमेरिकेतून जात असे तो बंद झाला. गिरण्यांच्या मालकांनी हिंदुस्थानाकडे पाहिले. मुंबईच्या बाजारात भाव काही पटींनी चढला. भडोच, धोलेरा, खानदेश, वऱ्हाड आणि आमचे हिंगणघाट येथला कापूस मुंबईच्या बंदरातून बोटींवर चढू लागला. हिंगणघाटचा कापूस तर मुंबईच्या बाजारात गावाच्या नावानेच ओळखला जाई. तेव्हा वर्धा शहर वसायचे होते. जिल्हा झाला १८६२ साली. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा वसले १८६६ साली. आणि मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली १८६७ साली. म्हणजे तेजीच्या दिवसांत आमच्या मुलखातला कापूस निघाला तो बंड्यांतून आणि लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. त्या दिवसांत शेतकऱ्यांनी बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा चढविल्या, असे सांगतात. खरे असो वा नसो, पैसा कधी नव्हे तो दिसला होता एवढे त्यावरून कळते.

प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीचे अनभिषिक्त राजे होते. टॉवरच्या कोणत्या दगडात कोणत्या गावची गठाण आहे, हे कोण सांगणार? मीही तसा दावा करीत नाही. पण तो पैसा कापसाचा होता. आणि कापूस समुद्रात पिकत नाही, काळ्या मातीत पिकतो, एवढे तर खरे.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. १८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतले युद्ध संपत आले. कापसाचा भाव कोसळला. कापसाच्या जिवावर उभ्या राहिलेल्या बँका व समुद्र हटविणाऱ्या कंपन्या यांचे भाग रद्दीच्या मोलाचे झाले. १८६५ च्या १ जुलैला मुंबईतल्या कित्येक श्रीमंतांची दिवाळी संपली आणि दिवाळे निघाले. त्यांत प्रेमचंदही होते. मात्र विद्यापीठाला दिलेला पैसा दिलेलाच राहिला. सट्ट्यात घातला तो बुडाला, दान दिला तो दगड होऊन उभा आहे.

मुंबईची कथा येथे संपवितात. शेतकऱ्याची कथा येथे संपत नाही. तेजीत ज्यांनी भावाच्या भरवशावर कर्ज काढले होते त्यांच्या गळ्याला फास बसला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. दख्खनचा दंगा म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. त्यामागे इतर कारणांबरोबर कापसाच्या भावाची ही पडझडही होती. त्यानंतर १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ आला. मुंबईत टॉवर या वर्षांतच मजल्यामागून मजला वर चढत होता. सुमारे साडेपाच लाख रुपये खर्चून नोव्हेंबर १८७८ मध्ये तो पुरा झाला, तेव्हा दख्खनची गावे नुकती कोठे दुष्काळातून उठत होती. यात टॉवरचा दोष नाही. दिलेले दान होते, ठरलेले काम होते, आणि त्या कामावर शेकडो हातांना मजुरीही मिळाली असेल. पण इमारतीचा इतिहास सांगताना ज्या साली ती उठली त्या सालाचा इतिहास गाळू नये, एवढेच माझे म्हणणे.

आता टॉवरवरचे पुतळे. अष्टकोनाच्या कोपऱ्यांवर आणि वर कळसाच्या पायथ्याशी मिळून चोवीस दगडी माणसे आहेत. ही पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींची. प्रत्येकाची पगडी निराळी, पोशाख निराळा, उभे राहण्याची ढब निराळी. युरोपातल्या गॉथिक देवळांत या जागी संत असतात, राजे असतात. येथे बाजारात भेटणारी माणसे आहेत. ही आकृतिशिल्पे घडविली रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. ते या कामावरचे सहायक अभियंता. स्कॉटचे नाव जगभर झाले, प्रेमचंदांच्या आईचे नाव टॉवरला लागले. पण त्या परक्या सांगाड्यावर आपल्या माणसांचे चेहरे ज्याने चढविले त्या मुकुंद रामचंद्रांची आठवण कितीशा लोकांना आहे? माझ्या मते या इमारतीचे सर्वांत धीट काम त्यांचेच. एवढ्या उंचीवरचा पुतळा कोण पाहणार, असा विचार करून त्यांनी हात आखडता घेतलेला नाही.

एकदा वर्गात मी या चोवीस पुतळ्यांविषयी सांगत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. हिंगणघाटकडच्या एका खेड्यातला, घरी पाच एकर कोरडवाहू. त्याने विचारले, "मॅडम, त्यात पऱ्हाटीवाला कोणता?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न अगदी बरोबर होता. आमचा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तो नव्हता. कापूस जाई मुंबईला, पण मुलगा शिकायचा तर त्याची परीक्षा दुसऱ्याच टोकाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ साली निघाले, मॉरिस कॉलेज १८८५ साली, आणि दोन्ही जोडलेली कलकत्ता विद्यापीठाला. पुढे ती अलाहाबादला जोडली. कलकत्ता विद्यापीठातली अत्यंत मानाची शिष्यवृत्ती कोणती, तर प्रेमचंद रायचंद यांच्याच नावाची. त्यांनी तेथेही दोन लाख दिले होते. म्हणजे पैशाला पूर्वपश्चिम दोन्ही दिशांना वाट होती, पैसा पिकविणाऱ्याला कोणत्याच दिशेला नव्हती. आमच्या भागाला आपले विद्यापीठ मिळाले ते ४ ऑगस्ट १९२३ रोजी, नागपूरला. प्रारंभी सहा महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी. राजाबाई टॉवरचे घड्याळ तोवर चाळीस वर्षे वाजत होते.

मराठीचेही तसेच. मी मराठीची अध्यापिका, तेव्हा हे सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबई विद्यापीठात सुरुवातीला देशी भाषांना जागा होती. १८६० नंतरच्या दशकात वरच्या परीक्षांतून त्या काढल्या आणि संस्कृत, लॅटिन यांसारख्या प्राचीन भाषांना ती जागा दिली. टॉवरवर मराठी माणसाचा पुतळा बसला, खाली त्याची भाषा परीक्षेस बसू शकत नव्हती! न्यायमूर्ती रानड्यांनी हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे लावून धरला. १९०१ च्या जानेवारीत ते गेले, आणि त्याच वर्षी मराठीला एम. ए.च्या परीक्षेत प्रवेश मिळाला. टाऊन हॉलमध्ये पदवी घेतलेल्या माणसाने टॉवरच्या घरात आपल्या भाषेसाठी दार उघडले. आज माझ्या नावापुढे जी दोन अक्षरे आहेत ती त्या दारातून आलेली आहेत.

इमारत आणि शिक्षण यांचा संबंध काय, याचे एक दुसरे उत्तर आमच्या उशालाच आहे. पिपरीहून सेवाग्राम दूर नाही. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास आले. मीराबहेनच्या देखरेखीखाली जी कुटी झाली ती मातीच्या भिंतींची, बांबूंची आणि कवेलूच्या छपराची. सामान आसपासचे, हातही आसपासचे. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताने काम करीत शिकण्याच्या नई तालीमचा आराखडा पुढे आला. कोणी म्हणेल, झाले, कुटी चांगली आणि टॉवर वाईट. तसे मी म्हणणार नाही. टॉवर मला आवडतो. संध्याकाळच्या उन्हात कुर्ल्याचा तो दगड लोण्यासारखा दिसतो, आणि ग्रंथालयाच्या रंगीत काचांतून वाचनाच्या टेबलांवर जो उजेड पडतो त्यात बसून एक पान वाचावे, यासारखे सुख थोडे. सेवाग्रामच्या कुटीपुढे उभे राहिले म्हणजे ती कोणी आणि कशाने बांधली हे न सांगता कळते. टॉवरपुढे ते शोधावे लागते. फरक एवढाच.

अलीकडे या इमारतीचे दैव उजळले आहे. २०१५ साली ग्रंथालयाचा व टॉवरचा जीर्णोद्धार पुरा झाला. काचा पुन्हा सांधल्या, दगड स्वच्छ झाला. ३० जून २०१८ रोजी ओव्हलभोवतालच्या इमारतींचा हा सारा समूह जागतिक वारशाच्या यादीत गेला. आनंदाची गोष्ट आहे. वारसा म्हटला की वारस कोण, हा प्रश्न मात्र येतोच. आमच्याकडच्या सातबाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर या मिळकतीवर दात्याचे नाव चढले, शिल्पकाराचे चढले. कसणाऱ्याच्या नावाचा रकाना कोराच राहिला आहे.

तो मुलगा पुढे दिवाळीनंतर पंधरा दिवस वर्गात आला नाही. मी निरोप धाडला. उत्तर आले, "वेचणी उरकली की येतो." परीक्षेच्या अर्जाची मुदत त्याआधीच संपणार होती. अर्ज एका वर्गमित्राने शेतावर नेला आणि कापसाच्या ढिगावर ठेवून त्याची सही आणली. शुल्काचे कसे जमले ते विचारू नये, जमले. तो उत्तीर्ण झाला. असे सगळ्यांचे होत नाही. किती तरी फुल्या हजेरीपटावर राहतात, आणि पुढल्या वर्षीच्या पटावर ते नावच नसते.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. मुंबईला जाल तेव्हा भेळ खा, समुद्र पाहा, आणि मग अर्धा तास काढून ओव्हलवर या. मान वर करून ते चोवीस पुतळे पाहा. पगड्या ओळखा, मुकुंद रामचंद्रांचे नाव मनात घ्या. बरोबर मुलेबाळे असतील तर त्यांना विचारा, यात पऱ्हाटीवाला कोणता? ती शोधू लागतील. तो सापडणार नाही. मग त्यांना सांगा, की तो पंचविसावा. तो वर नाही, कारण हे सगळे त्याच्या खांद्यावर आहे. आणि त्याचे नातवंड-पणतवंड या वेळी आमच्या वर्धेकडे एखाद्या धुऱ्यावर ओटी रिकामी करीत असेल, परीक्षेचा अर्ज कधी भरायचा याचा हिशेब मनात मांडीत.